ताट पडलं तरी नजर मजकुरावर

हा लेख मी हातानं लिहिलेला नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर जुन्या विद्यार्थिनी म्हणतील, बाईंची मनगटं तर केव्हाच गेली, मग ही पानं कोण भरतंय? मीच भरतेय. ओट्यापाशी मेथी निवडत उभी आहे, बोलतेय, आणि खिडकीत टेकवून ठेवलेला फोन लिहून घेतोय. तीस वर्षं टायपिंग शिकवलं त्याचं हे फळ. सकाळी बोटांना मुंग्या, दुपारी मनगटाला पट्टा, आणि पेन धरला तर चार ओळींत अक्षरं उताराला लागतात.

लोकांना वाटतं, बोललं की लिहिलं जातं, संपलं. तसं नसतं हो. बोलून लिहिणं सोपं आहे, बोलून खोडणं अवघड. समोर माणूस बसला असला तर "ते नाही, त्याच्या आधीचं" एवढं म्हटलं की भागतं. यंत्राला नेमकं बोट दाखवावं लागतं, आणि बोट तर लावायचं नाही. मग "मागं", "अजून मागं", "तिसरा शब्द खोड" असं म्हणत म्हणत पोचावं लागतं. शेजारच्या वहिनी एकदा दाराशी थबकल्या आणि परत गेल्या. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही कुणाला तरी लई झापत होता, मी म्हटलं नंतर येते."

मला टायपिंग कुणी शिकवलं नाही. लग्न होऊन गंगापूरहून इथं आले तेव्हा माझी सातवी झालेली. आमचे हे टाइपरायटर दुरुस्त करायचे, औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुपारी ते जेवायला घरी आले की दुकानावर मी बसायची आणि दुरुस्तीला आलेल्या मशीनवर हात चालवायची. आता दुरुस्तीला आलेलं मशीन म्हणजे मोडकंच. एखाद्याचा 'र' उडालेला, एखाद्याची वेलांटी अडकलेली. मग 'र' नसलेली वाक्यं मनात जुळवायची आणि तेवढीच टाइप करायची. अशी मोडक्या मशीनवर मी धड शिकले. पुढं जिन्याच्या वरची खोली घेतली, आठ मशीन मांडली आणि क्लास काढला. सातवी पास बाईकडं बी. ए. झालेल्या मुली शिकायला यायच्या. त्याचा मला गर्व होता, अजून आहे.

क्लासबरोबर लोकांचे अर्जही टाइप करून द्यायची. एकेक गिऱ्हाईक सांगावं असं. खुलताबादचे एक आजोबा दर महिन्याला एकच अर्ज घेऊन यायचे, त्यांच्या गल्लीतल्या दिव्याचा. अर्ज तोच, तारीख नवी. टाइप करून झालं की कागद उलटा करून मागच्या बाजूनं बोट फिरवून बघायचे. म्हणायचे, "बाई, ठसा खोल उमटू द्या. साहेबानं वाचलं नाय तरी त्याच्या बोटाला लागलं पाहिजे." दिवा लागला का ते मला कळलं नाही. पण अर्ज बंद झाले, त्यावरून मी बरंच समजून घेतलं.

आता आमच्या धंद्याचा एक मोठा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. टाइप करताना नजर बोटांवर नसते, मशीनवरही नसते. ती असते डावीकडं ठेवलेल्या मजकुरावर. नजर तिथून हलली की परत जाताना भलत्याच ओळीवर पडते आणि मधली ओळ सुटते. एका बाईच्या अर्जातली ओळ माझ्या हातून अशीच सुटली होती. नेमकी मागणीची. नाव, गाव, दुःख सगळं होतं, तिला पाहिजे काय तेच नव्हतं. दोन महिन्यांनी ती परत आली, म्हणाली, "बाई, साहेब विचारतेत, मग आम्ही काय करू?" तो प्रश्न माझ्या छातीत अडकला तो अडकलाच.

त्या दिवसापासून मी क्लासमध्ये पितळी ताट आणून ठेवलं. माहेरचं, जड, कडेला पोचा आलेलं. मुलींची बोटं रंगात आली की मी मागच्या बाजूला जाऊन ते फरशीवर सोडून द्यायचे. सगळा जिना दणाणायचा. जी दचकून बघेल तिला म्हणायचे, "नजर हलली. पहिल्यापासून." म्हणजे कागद काढायचा, नवा घालायचा, पान पहिल्यापासून. भिंतीवर आमच्या ह्यांनी रंगानं लिहूनच दिलं होतं: ताट पडलं तरी नजर मजकुरावर. मुली मला मागून ताटबाई म्हणायच्या. मला ठाऊक होतं.

माझ्या सगळ्या मुलींत ताटाला कधीही न बधलेली एकच. वनिता. खुलताबादची, शेतकऱ्याची मुलगी, जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून क्लासला यायची. तिच्या पाठीमागं वीतभर अंतरावर मी ताट टाकलं, तरी तिची पापणी हलली नाही. मी वर्गासमोर म्हणाले, "ह्याला म्हणतात नजर." तिचा चेहरा उजळला. अठरा वर्षांची असेल तेव्हा.

पुढं तिचं लग्न झालं, बजाजनगरला गेली, वाळूजच्या एका कंपनीत लागली. टायपिंगचं काम मिळालं नाही, प्रेस शॉपमध्ये मिळालं. तिथं मोठाल्या मशीनखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात. त्या भागाला तिकडं जॉब म्हणतात. एके दिवशी तो दाब तिच्या उजव्या हातावर आला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन बोटं गेली.

दीड वर्षानं ती माझ्याकडं आली तेव्हा हात पदराखाली होता. मी चहा दिला तर डाव्या हातानं घेतला. म्हणाली, "बाई, घरी बसून मी हाताकडंच बघत बसते. दिवसभर. आता सासूबाईबी म्हणतेत, तू कुठंतरी जा." मग पिशवीतून एक डबी काढली. आत चष्मा होता.

जाड काड्यांचा, काळा. उजव्या काचेत वरच्या कोपऱ्याला नखाएवढी वेगळी काच. घातला की समोर हातभर अंतरावर हवेत हिरवी अक्षरं दिसतात. चारच ओळी. त्यांच्या आरपार भिंत, कॅलेंडर, माणूस सगळं दिसत असतं. नाकाजवळ बारीकसा माइक. बोललं की ओळीत उमटतं, आणि मान जराशी कलवली की खूण मागच्या शब्दावर जाते. हात कशालाच लावायचा नाही.

कंपनीचं म्हणणं असं होतं: माल तपासणाऱ्याच्या एका हातात जॉब असतो, दुसऱ्या हातात मोजायचं गेज. लिहायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून सगळे तपासून झाल्यावर टेबलाशी येऊन आठवून लिहितात, आणि आठवून लिहिलेल्यात चुका असतात. वनिताला जॉब डाव्या हातात धरता येतो, गेज अंगठा आणि करंगळीत. चष्म्यानं रिपोर्ट लिहून दुरुस्तही करता आला तर तपासणीचं काम तिला. महिनाभर सराव, मग एक परीक्षा. जमलं नाही तर तिच्याजोगतं दुसरं काम तिथं नव्हतं.

"लिहिणं जमतंय, बाई," ती म्हणाली. "दुरुस्त करताना घोळ होतोय. ते तुम्ही शिकवा."

मला काय येत होतं? ओट्यापाशी फोनला झापणं, तेवढंच. पण तेच कामाला आलं. मी तिला सांगितलं, वाक्य टपालाच्या तारेसारखं लहान ठेव. आधी मशीनचा नंबर, मग जॉबचा, मग दोष. चूक दिसली की त्याच ओळीत काढ, ओळ ओलांडलीस की परत यायला तिप्पट वेळ. आणि सगळ्यात शेवटी, जिभेवर बसलेलं, इतक्या वर्षांचं वाक्य: "बाकी काही होऊ दे, नजर मजकुरावर."

"ते तर मला येतंच की," ती हसून म्हणाली.

माझ्या घरात, गच्चीवर, जिन्यात चालत ती सराव करायची. हातात लाटणं जॉब म्हणून, चमचा गेज म्हणून. आठवड्यात इतकी तयार झाली की मी कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. मला वाटलं, मोडक्या मशीनवर धड शिकायचं असतं ते असं.

दुसऱ्या आठवड्यात ती कंपनीत सरावाची फेरी मारून माझ्याकडं आली आणि चपला काढता काढता सांगू लागली, अगदी गंमत सांगावी तशी. "आज फोर्कलिफ्टवाले भाऊ लई चिडले, बाई. हॉर्न वाजवून वाजवून थकले म्हणे. मी आपली ओळ दुरुस्त करत पिवळा पट्टा ओलांडला. त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा लोखंडी काटे माझ्या साडीला टेकले होते."

"आणि तू?"

"मी ओळ पुरी केली, मग बघितलं."

पिवळा पट्टा म्हणजे माणसांनी चालायची हद्द, त्याच्या पलीकडं ती गाडी दीड-दोन टनांचा माल घेऊन फिरते, हे तिनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. हॉर्न तिच्या कानावर पडत होता. कान शाबूत होते. पण आवाज झाला की नजर घट्ट करायची, हे तिला कुणी शिकवलं होतं? मशीनपुढं बसलेल्या मुलीला शिकवलेलं मी चालत्या बाईच्या अंगात सोडलं होतं.

मी माळ्यावरून ताट काढलं. म्हटलं, "आता उलटं. ताट पडलं की वर बघायचं." ती चष्मा लावून चालू लागली, मी ताट टाकलं. ती ओळ पुरी करूनच थांबली. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारून गेले. चौथ्या दिवशी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, मला ऐकू येतं हो. पण मान उठत नाय. आधी ओळ पुरी कर, असं आतून कुणीतरी म्हणतं."

ते कुणीतरी कोण, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

आता खरं सांगते. त्या वेळी मी कंपनीत जाऊन हे सांगायला पाहिजे होतं. तिथं तपासणीचा विभाग बघणारे सय्यदसाहेब म्हणून होते, शहरातलेच, भले गृहस्थ. दोनदा फोन हातात घेतला. सांगितलं तर तिची परीक्षाच होणार नाही. नाही सांगितलं आणि काही झालं तर? तिचा एक हात आधीच गेलेला. मी फोन परत ठेवला. रोज तिची सरावाची पाळी साडेतीनला सुटायची, पावणेचारला मला "सुटले" असा निरोप यायचा. तीन वाजल्यापासून मी घरभर फिरायचे. दूध उतू गेलं तरी कळायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी ती म्हणाली, "बाई बसतील तर मी करते." सय्यदसाहेबांनी परवानगी दिली. मी स्टेशनवरून शेअर रिक्षानं वाळूजला गेले. काचेच्या केबिनमध्ये मला संगणकासमोर बसवलं. वनिताच्या चष्म्यात जे उमटतं ते जसंच्या तसं त्या पडद्यावर दिसत होतं. सहा मशीन, चाळीस मिनिटं, आणि शेवटी रिपोर्टमध्ये तीन चुका माफ. चौथी झाली तर नाही.

पहिल्या तीन मशीनपर्यंत ती मला काचेतून दिसत होती. निळा कोट, डाव्या हातात जॉब, मान किंचित कलती. पडद्यावर शब्द यायचे, खूण मागं जायची, शब्द खोडला जायचा, नवा यायचा. दोन चुका राहिल्या, मग तिसरी. सय्यदसाहेब कागदावर टिंब देत होते. चौथं मशीन मात्र मालाच्या उंच रॅकमागं होतं. ती तिकडं वळली आणि दिसेनाशी झाली. आता माझ्याजवळ फक्त तिची अक्षरं.

"मशीन चार. नग नऊ. कडेला चीर. नग बाजूला"

आणि तिकडून हॉर्न वाजला. गाडी मागं घेताना वाजतो तसा, टूंक टूंक टूंक, थांबतच नाही.

मी आयुष्यभर मजकुरावर नजर ठेवली, पण त्या क्षणी ठेवली तशी कधीच नाही. मला पुढचा शब्द नको होता. "ठेवला" एवढाच शब्द राहिला होता, आणि मी मनात म्हणत होते, नको लिहूस गं, नको पुरी करूस, बघ, वर बघ. ती खूण वाक्याच्या टोकाशी लुकलुकत राहिली. लुकलुक, लुकलुक. शब्द येत नव्हता. मग दुसरी भीती: का येत नाही? मी उठले तर सय्यदसाहेब म्हणाले, "बैठो बाई, बीच में नहीं जा सकते." त्यांचंही टिंब देणं थांबलं होतं.

मग पडद्यावर उमटलं:

"बाई गाडी चाललीय मी थांबले चष्मा कपाळावर घेतला"

मी तोंडाला पदर लावला. तिला ठाऊक होतं की मला ती दिसत नाहीये. मला फक्त मजकूर दिसतोय. म्हणून तिनं रिपोर्टातच मला निरोप धाडला.

हॉर्न लांब गेला. थोड्या वेळानं उमटलं, "ठेवला." आणि मग मशीन पाच.

फेरी अडतीस मिनिटांत झाली. ती केबिनमध्ये आली तेव्हा घामानं निथळत होती. सय्यदसाहेब त्या ओळीवर पेन्सिल टेकवून बसले होते. "ये लाइन रिपोर्ट में क्या कर रही है?"

वनिता पडद्याकडं वळली. "खोडायची राहिली, साहेब. पुढच्या मशीनला गेल्यावर आठवलं. ओळ ओलांडली होती." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "चौथी झाली ना, बाई?"

झाली होती. माझ्या क्लासात असती तर मीच गुण कापला असता. पण मी त्या वेळी काय केलं, तर सगळं सांगून टाकलं. ताट, भिंतीवरचं वाक्य, साडीला टेकलेले काटे, हातात घेऊन परत ठेवलेला फोन. वनिता माझ्याकडं बघत राहिली, जणू मी तिच्या पायाखालची फरशी काढली.

सय्यदसाहेब चिडले. चिडायलाच पाहिजे होते. "हे मला पंधरा दिवस आधी सांगायचं होतं, बाई. तुम्ही शिक्षक आहात." मग त्यांनी पेन्सिल उचलली, आणि जे बोलले ते मी विसरणार नाही. म्हणाले, "जिस दिन इसका हाथ गया, उस दिन इसकी मशीन के रिपोर्ट मैंने देखे थे. एक भी गलती नहीं थी." आणि त्या ओळीपुढं टिंब दिलं नाही.

काम मिळालं, पण तीन महिने नजरेखाली. सय्यदसाहेबांनी प्रत्येक मशीनजवळ जमिनीवर पिवळा चौकोन आखून घेतला. त्यात उभं राहूनच लिहायचं आणि दुरुस्त करायचं. पाऊल बाहेर पडायच्या आधी "थांबले" म्हणायचं, की अक्षरं चष्म्यातून जातात. तो शब्द वनिताचाच ठेवला.

माझी काळजी मात्र गेली नाही. तिनं त्या दिवशी वर बघितलं ते कशामुळं? मान उठायला लागली होती म्हणून, की बाई पलीकडं बसल्यात हे ठाऊक होतं म्हणून? रोज मी तिथं बसणार नाही. हे मी तिला विचारू शकत नव्हते, तिलाही उत्तर ठाऊक नसणार. तीन वाजले की माझ्या फेऱ्या सुरूच होत्या.

मागच्या रविवारी ती हाच लेख, इथवरचा, दुरुस्त करायला आली होती. चष्मा लावून बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती, माझ्या चुका काढत होती. "बाई, तुम्ही लई फापटपसारा बोलता," असं मधूनमधून आतपर्यंत ऐकू येत होतं. मी पोहे करून त्याच पितळी ताटात घेतले आणि उचललं. डाव्या मनगटातून कळ गेली, बोटं सुटली, ताट खाली. मुद्दाम नव्हे हो, खरंच पडलं. पोहे ओटाभर, फरशीभर.

बाहेरचं बोलणं शब्दाच्या मध्येच तुटलं. ताट अजून फरशीवर गरगर फिरत होतं, आणि वनिता दारात उभी होती. चष्मा कपाळावर.

"लागलं का, बाई?"

मी नाही म्हणाले. तिनं वाकून डाव्या हातानं ते फिरणारं ताट धरलं, आवाज बंद केला, आणि पोहे भरता भरता म्हणाली, "ओळ अर्धीच राहिली की तिकडं. नजर हलली, बाई. पहिल्यापासून करू?"